मान्य असेल त्यांनी उभं राहावं

चर्चमधलं लांबलचक प्रवचन संपलं आणि वर्षाचा हिशोब वाचायला उभ्या राहिलेल्या खजिनदार शिंप्याची नजर आधी शेवटच्या बाकाकडे गेली. गळक्या छताखाली त्याची आई डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन बसली होती.

छतासाठी मंडळीनं पै-पै जमवली होती. ती सगळी चर्च कमिटीच्या अध्यक्षांच्या मेहुण्यानं पुढच्या बाकांना पॉलिश मारण्यात गेली. “मास्तर, घरचंच काम आहे,” असं अध्यक्ष म्हणाले, आणि भल्याभल्यांच्या कापडाला बेधडक कात्री लावणारा शिंपी बिलावर सही करताना मेणाहून मऊ झाला.

“पुढं पॉलिश चमकतंय, मागं छप्पर ठिबकतंय,” आईनं सकाळीच सुनावलं होतं. “पैसे कुठं गेले ते मोठ्यानं वाच. मगच जेवायला ये.”

पण रीत अशी की फक्त एकूण जमा आणि एकूण खर्च वाचायचा. मग पाळकसाहेब म्हणायचे, “मान्य असेल त्यांनी उभं राहावं.” लगेच स्तुतिगीत असायचं, त्यामुळे सगळे तसेही उठायचेच. हा क्रम अध्यक्षांनीच लावलेला.

शिंप्यानं दोन आकडे कसेबसे वाचले. पाळकसाहेब ठरलेलं वाक्य बोलले. पेटीवाल्यानं सूर धरला.

अध्यक्ष उठेनात. म्हणजे उठत होते, पण बाक सोडेना. मेहुण्याचं स्वस्तातलं पॉलिश प्रवचनभर अंगाच्या उबेनं पाघळलं होतं आणि पुढं बसलेली अख्खी कमिटी जागेला चिकटली होती.

“उठा की,” अध्यक्षांची बायको कुजबुजली.

“तू ऊठ आधी.”

“मी उठले तर कपडे इथंच राहतील.”

पुढचे उठले की उठायचं, ही मागच्यांची जुनी सवय. पुढचे बसलेलेच पाहून अर्धवट उठलेली मंडळीही खाली टेकली. सूर एकटाच उभा राहिला आणि ओशाळून थांबला.

“म्हणजे अध्यक्षांनाच हिशोब मान्य नाही?” पाळकसाहेबांनी चष्मा पुसला.

अध्यक्षांच्या पुढे आड, मागे विहीर, आणि खाली मेहुण्याचं पॉलिश. कापड सोडवायला वेळ हवा होता. “जरा... एकेक बाब वाचलेली बरी,” ते म्हणाले.

“माणूस असावा तर असा,” मागून कुणीतरी म्हणालं.

आईनं कानावरचा कागद बाजूला सारला. शिंप्यानं वही पुन्हा उघडली.

“छतासाठी जमा झालेले सगळे पैसे पुढच्या बाकांच्या पॉलिशवर गेले. छतावर काहीच खर्च झालेला नाही. सही माझी आहे.”



“आता काय करायचं हो?” आईनं थेट अध्यक्षांना विचारलं.

सगळ्या माना वळल्या. अध्यक्षांचा हात अजून खाली कापडाशी झटत होता. “मेहुण्याकडून वसूल करतो. नाहीतर मी भरतो. छत उद्यापासून.”

“छान,” पाळकसाहेब म्हणाले. “मान्य असेल त्यांनी उभं राहावं.”

मागची मंडळी एका दमात उठली. आता बसून राहणं अध्यक्षांना परवडणारं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि उठले. टर्रकन आवाज झाला. अध्यक्ष उभे होते, पँटची मागची बाजू बाकावरच होती.

गीत सुरू झालं. कुणी पोट धरून, कुणी तोंड दाबून गाऊ लागलं. आई हळूहळू पुढे आली आणि प्लास्टिकचा कागद झटकून तिनं अध्यक्षांपुढे धरला.

“घ्या, गुंडाळा. मला आता लागायचा नाही.”

मग लेकाकडे वळून म्हणाली, “चल, जेवायला.”