आमिनाची नव्वद मिनिटं

घरात कामाला ठेवलेल्या बाईला तिचं नाव विचारावं, तिच्या घरच्यांची नावं विचारू नयेत. हा इशारा अंतराताईंनी नयनाला मस्कतला आल्याच्या तिसऱ्याच दिवशी दिला होता. "नावं कळली की ती माणसं होतात गं, आणि मग कामं सांगताना जीभ अडते," असं त्या म्हणाल्या होत्या. अंतराताई मस्कतच्याच मदिनत सुलतान काबूस वस्तीत सोळा वर्षं काढलेल्या, म्हणजे हे सोळा वर्षांच्या निरीक्षणातून सिद्ध झालेलं शास्त्र होतं. पण नयना एम. ए. झालेली (समाजशास्त्र, उच्च द्वितीय श्रेणी). तिने ते हसण्यावारी नेलं. पुढे जे झालं त्याची जबाबदारी तिच्यावर येते, अशी समितीच्या इतिवृत्तात स्वच्छ नोंद आहे.

समिती म्हणजे 'गृहसाहाय्य समन्वय समिती'. नऊ व्हिलांच्या त्यांच्या कंपाउंडमध्ये तीन वर्षांपूर्वी सात नंबरच्या मेडने शुक्रवारची सुट्टी मागितली आणि तिला ती मिळाली. ही बातमी उरलेल्या आठ स्वयंपाकघरांत पोचायला चाळीस मिनिटं लागली. अशा अराजकाला आळा घालायचा म्हणून समिती स्थापन झाली. अध्यक्ष अंतराताई, चिटणीस रत्नागिरीच्या खुदेजाभाभी (त्यांचं अक्षर चांगलं आहे). सुट्टीच्या विरुद्ध समिती कधीच नव्हती. सुट्टी प्रत्येकीच्या करारात आहे. कॅलेंडरात ती नेमकी कुठे येते, याचा शोध मात्र अजून चालू आहे.

समितीने एक पाहणीही केली होती. नऊपैकी नऊ मेड्सना आपल्या साहेबांच्या ब्लडप्रेशरच्या गोळीचं नाव आणि वेळ पाठ होती. नऊपैकी एकाही मॅडमला आपल्या मेडचं आडनाव सांगता आलं नाही. यावरून मेड्सची स्मरणशक्ती उत्तम असते, असा निष्कर्ष काढून पाहणी संपवण्यात आली.

नयनाचा चिन्मय अडीच वर्षांचा. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ती त्याला ते खाऊ देत नसे, आणि कुरुमच्या ऑफिसात बसून दर वीस मिनिटांनी मोबाइलवर हॉलमधला कॅमेरा बघत असे. एका दुपारी तिला त्यात घरी कामाला असलेल्या आमिनाचा पाय दिसला. सोफ्याखाली गेलेला बॉल आमिनाने टाचेने बाहेर ओढला, पायाच्या बोटांनी वर उचलला, गुडघ्यावर तीनदा झेलला आणि डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने असा ढकलला, की तो बरोब्बर चिन्मयच्या अंगठ्यापाशी येऊन थांबला. नयनाने कॅमेऱ्यात आधी टीव्ही शाबूत आहे का ते बघितलं (तो नवीन होता). संध्याकाळी तिने जाब विचारायचा म्हणून विचारलं, आणि बोलता बोलता आमिनाच्या धाकट्या बहिणीचं नाव विचारून बसली.

रेहेमा. वय सोळा, अकरा नंबरचा शर्ट, डावी बगल, सतरा वर्षांखालच्या मुलींचा राष्ट्रीय संघ. (राष्ट्र कोणतं, तर इतिवृत्तात 'आफ्रिका' एवढंच आहे. आमिनाने देशाचं नाव दोनदा सांगितलं होतं. चिटणिसांनी ते जागेअभावी गाळलं.) खेळायच्या दोघीही. पण एकीने बूट घालायचे आणि एकीने ते विकत घ्यायचे, असं घरात ठरलं. आमिना मोठी होती, त्यामुळे फार चर्चा झाली नाही. मस्कतला येऊन तिला चार वर्षं झाली होती, आणि चार वर्षांत तिने रेहेमाला मैदानावर बघितलं नव्हतं.

आता विश्वचषकाच्या पात्रतेची शेवटची फेरी होती. पहिला सामना बाहेरच्या देशात, एक-एक. दुसरा घरच्या मैदानावर, येत्या शुक्रवारी, मस्कतच्या घड्याळात संध्याकाळी पाचला. जिंकल्या तर विश्वचषक, हरल्या तर शाळा. सामना मोबाइलवर दिसणार होता.

"मॅडम, फ्रायडे. नाइन्टी मिनिट. सब काम खलास करके. ओन्ली सीइंग," आमिना म्हणाली.

नयना तिथल्या तिथे हो म्हणणार होती. पण तिचा 'हो' हा एका घरापुरता राहिला नसता, त्याचा पायंडा पडला असता.

"अगं दे ना, दीड तास तर आहे," तिचा नवरा चंद्रशेखर म्हणाला.

"तुला काय जातंय बोलायला? तू समितीत नाहीस."

"मग विचार समितीला," असं म्हणून तो आपल्या दृष्टीने प्रश्न सोडवून अंघोळीला गेला.

आफ्रिकेतल्या मुलींना विश्वचषकाला पात्र ठरण्यासाठी चार फेऱ्या खेळाव्या लागल्या होत्या. तो सामना बघायला पात्र ठरण्यासाठी मदिनत सुलतान काबूसमध्ये पाच लागतात.

पहिली फेरी नात्याची. "सख्खी कशावरून? त्यांच्यात सगळ्या एकमेकींना सिस्टरच म्हणतात," अंतराताईंनी शंका काढली. (अंतराताई कंपाउंडातल्या आठ जणींच्या ताई आहेत.) आईचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव घेऊन ही फेरी निसटत्या फरकाने पार पडली.

दुसरी वयाची. फोटो फिरवण्यात आला.

"ही सोळाची? शक्यच नाही. आमची आफरीन सोळाची आहे, तिला बघा," खुदेजाभाभी म्हणाल्या.

"भाभी, तुमची आफरीन सकाळपासून एसीत लोळत असते," चार नंबरमधून आवाज आला.

"आणि तुमचा मुलगा काय डोंगर फोडतो?"

सभा पूर्वपदावर आल्यावर, असल्या स्पर्धांत वय ठरवायला मनगटाचा स्कॅन काढतात अशी माहिती कुणीतरी दिली, तेव्हा त्या स्कॅनची प्रत मागवावी असं ठरलं. ती मिळेना, म्हणून पासपोर्ट मागितला. तो रेहेमाकडेच असतो, असं आमिनाने सांगितलं. कंपाउंडात मेड्सचे पासपोर्ट मॅडमच्या कपाटात, दागिन्यांच्या खणात ठेवायची पद्धत आहे (काळजीपोटी). सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात तिचाच पासपोर्ट, हे तिकडच्या सैल व्यवस्थेचं लक्षण मानून मुद्दा सोडून देण्यात आला.

तिसरी फेरी मोबाइलची. सकाळी सात ते संध्याकाळी सात मेड्सचे फोन बूट ठेवायच्या कपाटावर, बिस्किटांच्या डब्यात असतात. पाच ही वेळ सातच्या आधी येते, यावर एकमत झालं.

चौथी वेळेची. नव्वद मिनिटं ही प्रत्यक्षात नव्वद नसतात हे उघडकीला आलं. मध्ये पंधरा मिनिटं विश्रांती, शिवाय पंच मनाला येईल तेवढी वेळ वाढवतो.

"आणि जादा वेळ लागला तर? मग पेनल्टी? भांडी कोण घासणार?" खुदेजाभाभींनी विचारलं.

"भाभी, माझी मेड आहे. भांडी माझी आहेत," नयना म्हणाली.

"आज तुझी राहिली, उद्या माझी राहतील."

सिंकमधल्या भांड्यांची संख्या विचारात घेऊन जादा वेळेचा निर्णय त्या त्या वेळी घ्यावा, असा ठराव झाला.

पाचव्या फेरीत मतं समसमान पडली, चार विरुद्ध चार (नयनाचा हितसंबंध असल्याने तिला मत नव्हतं). आणि तेवढ्यात अंतराताईंना कल्पना सुचली.

"अगं, मुली, फुटबॉल, आफ्रिका! आपणच सगळ्या बघू या की! माझ्याकडे प्रोजेक्टर आहे. 'महिला सक्षमीकरण संध्या'. पाच वाजता. बटाटेवडे करू."

टाळ्यांच्या गजरात ठराव मंजूर झाला. नऊ मॅडम सामना बघणार, म्हणजे नऊ घरची मुलं सांभाळायला सहा मेड्स बागेत आणि वड्यांसाठी तीन स्वयंपाकघरात, अशी विभागणी झाली. आमिनाचा हात चांगला, म्हणून ती तळणीवर.

"पण ताई, मग आमिना सामना..." नयनाने विचारून बघितलं.

"तीही तिथेच असणार ना! पूर्ण नव्वद मिनिटं!"

या युक्तिवादात फट कुठे आहे, ते नयना पुढचे दोन दिवस शोधत होती. आमिनाला सांगायचं राहून गेलं. शुक्रवारी चारला अंतराताईंचा एप्रन हातात पडला, तेव्हा आमिनाला कळलं. ती म्हणाली, "ओके मॅडम."

कार्यक्रम अत्यंत यशस्वी झाला. तीन जणी बिबट्याच्या ठिपक्यांचे कुर्ते घालून आल्या होत्या. अंतराताईंनी प्रास्ताविकात स्त्रीने उंबरठा ओलांडला पाहिजे असं सांगितलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, कारण तळणीचा वास पडद्यांना लागतो. पूर्वार्ध गोलविना गेला. (वडे: चौपन्न.) उत्तरार्धात भिंतीवर (रंग जरा निळसर येत होते) अकरा नंबरची एक काटकुळी मुलगी डाव्या बगलेने सारखी पळताना दिसायची. एकाहत्तराव्या मिनिटाला ती दोघींना चुकवून आत शिरली आणि डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने तिने बॉल असा ढकलला, की तो गोलरक्षिकेच्या हातापासून वीतभर लांबून जाळ्यात जाऊन बसला.

हॉलमध्ये आरडाओरडा झाला. अंतराताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नयना ताडकन उठली.

"अगं बस ना, रिप्ले दाखवतील," कुणीतरी तिचा हात ओढला.

नयना बसली. रिप्ले तीन वेळा दाखवला. तिने तो तिन्ही वेळा बघितला. मग ती स्वयंपाकघरात गेली.

आमिना दाराकडेच बघत होती. "मॅडम, गोल? हू?"

"रेहेमा."

आमिनाने कढईतले चार वडे आधी झाऱ्याने काढले, निथळवले, कागदावर ठेवले. गॅस बंद केला. हात पुसले. आणि हॉलच्या दारात येऊन उभी राहिली. पडद्यावर कसली तरी जाहिरात चालू होती.

"अरे वा, आमिना!" अंतराताई मोठ्या प्रेमाने म्हणाल्या. "चटनी भी लेके आओ ना, यल्ला!"

आमिनाने चटणी आणली.

संघ एक-शून्य जिंकला आणि विश्वचषकाला पात्र ठरला. आमिनाने मागितलेली नव्वद मिनिटं तिला सामन्याच्या ठिकाणी पूर्ण उपस्थित राहून मिळाली, म्हणून अर्ज निकाली काढल्याची नोंद झाली. सात वाजता बिस्किटांच्या डब्यातून फोन निघाला. त्यावर रेहेमाचे तीन व्हिडिओ कॉल येऊन गेले होते. आमिनाने परत लावला, तोवर तिकडे प्रशिक्षकांनी आपला फोन परत घेतला होता.

त्या दिवसापासून आमिना सगळी कामं वेळेवर करते. आधीपेक्षा चोख. फक्त चिन्मयने लोळवत आणलेला बॉल ती आता हाताने उचलून टोपलीत ठेवते. नयना रोज विचारते, "आमिना, ओके?" आणि आमिना रोज म्हणते, "ओके मॅडम." पगार देणाऱ्याने विचारल्यावर याहून वेगळं उत्तर कुठल्या घरात मिळालं आहे, हे नयनाला माहीत नाही. रेहेमाबद्दल मात्र तिने अजून एकदाही विचारलेलं नाही. जीभ अडते.

म्हणून नयना तुम्हाला एक काम सांगते आहे. तुम्ही तिचे कुणी लागत नाही, पण इथवर वाचत आलात. मध्ये कुणी हाक मारली नाही, दूध उतू गेलं नाही, पोर रडत आलं नाही. म्हणजे एवढा वेळ तुमच्या घरात कुणीतरी ते सगळं बघत होतं. जरा आत जाऊन या, आणि ती काय करते आहे ते बघा. "ओके?" असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. तिला बहीण आहे का, ते विचारा.