तायडे काकांचा राहिलेला पॅसेंजर

आमच्या शेजारच्या तायडे काकांच्या डाव्या हाताची नखं शाळकरी पोरासारखी कापलेली आणि उजव्याची अशी, की मेळघाटातल्या वाघानं पाहिली तर लाजून पंजा मागे लपवेल. त्या नखांपायी काका वरणभात चमच्यानं खातात, दार कोपरानं वाजवतात आणि अमरावतीच्या भर मे महिन्यात उजव्या हातात लोकरी मोजा घालून स्कूटर चालवतात.

"काका, हे कावून?"

"युकुलेले छेडाले नख लागते बापू. नुसत्या बोटानं आवाज उपाशी माणसावानी येते."

युकुलेले म्हणजे गिटारचं तान्हं बाळ. चारच तारा. बडनेऱ्याहून रेल्वेचे गार्ड म्हणून रिटायर झालेल्या काकांनी त्यावर विलायती पियानोचा एक वॉल्ट्झ, म्हणजे तिकडची घोळदार नाचाची धून, बसवायला घेतला. दहा बोटांचं काम चार तारांवर, म्हणजे आख्खी एक्स्प्रेस एका ऑटोत कोंबायची! पण काकांचा हिशेब पक्का. "खालचे जाड सूर म्हंजे डबे. एखादा सोडला तं चालते. वरची चाल म्हंजे पॅसेंजर. एकबी फलाटावर राह्यला नाई पाहिजे!"

वाद्य अकोल्याहून आणलं, तेव्हा चौथी तार पातळ निघाली. तारा पातळपासून जाड होत जायला हव्यात, हा काकांचा कायदा. ते तडक अकोल्याला जाऊन दुकानदाराशी भांडले. तो म्हणाला, "काका, याची चौथी तार अशीच असते." "मले शिकवतं का?" म्हणत काकांनी घरी येऊन सतारीची जाड तार ताणली. तारा बांधायची पट्टी जी उखडली, ती थेट समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या कुरड्यांत. त्या कुरड्या तळताना अजून सुरात वाजतात, असं समोरचे शपथेवर सांगतात. काका दुसरं युकुलेले घेऊन आले, मुकाट्यानं.

हा वॉल्ट्झ मूळचा काकांच्या बायकोचा, प्रमिलाकाकूंचा. त्या शाळेत संगीत शिकवायच्या. गॅदरिंगला पियानोवर हाच वाजवायच्या. पक्षाघातानं उजवा हात गेला आणि काकूंनी गाण्याचं नावच टाकलं. रेडिओ लागला तरी म्हणायच्या, "बंद करा थे."

एक गंमत माझ्या ध्यानात आली. काकू आत झोपल्या असल्या की काका वॉल्ट्झ बिनचूक वाजवत. काकू ओसरीवर आल्या की नेमका एक सूर गळायचा. रोज तोच.

मी विचारलं, तर काका कुजबुजले, "मुद्दाम सोडतो. मास्तरीण हाय थे. चूक आयकून कितीक दिवस गप बसन?"

काकू मात्र पक्क्या. उन्हाळा सरला, पावसाळा सरला, चकार शब्द नाही.

परवा मी अंबाडीची भाजी द्यायला गेलो. काका वाजवत होते. सूर गळला.

"अवो!" काकू कडाडल्या. "तुमचा पॅसेंजर राह्यला ना!"

"कुठी?" काकांचा चेहरा तान्ह्या बाळाचा.

"कुठी म्हणे! जलमभर गाड्या अशाच सोडल्या का?" काकूंनी खुर्ची सरकवली आणि डाव्या हाताच्या बोटानं तीच भांडणवाली पातळ तार दाबली. "इथं. वाजवा."

काकांचं नख फिरलं. सूर आला.

"पुढचं?"

"पुढचंबी मीच दाबते. तुमचा भरोसा नाई."

युकुलेले उजव्या कोपराखाली दाबून काका छेडत राहिले. डावा हात एकदम बेकार झाला. थोडा वेळ तो हवेतच अवघडला. मग काकूंच्या मांडीवरच्या निपचित हातावर अलगद जाऊन बसला.