बिनवायरीचा गंगाधर

"शनिवारी साताऱ्यात मी वायरीशिवाय वाजवणार!" गंगाधरनं विश्रामबागेतल्या आपल्या ऑफिसात झाडून सगळ्यांना सांगून टाकलं. काही गरज होती का? पण माणसाचे ग्रह फिरले की आधी जीभ वळवळते.

दिवसभर फायली सरकवायच्या आणि सुटीच्या दिवशी नानासोंच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायची, हे गंगाधरचं आयुष्य. बेस गिटार म्हणजे जाड तारांची, घुमणारी. गाण्याच्या पोटात असते, वर दिसत नाही. वाजवणाराही तसाच! वायर आखूड, म्हणून कायम मागं स्पीकरच्या खोक्याला चिकटून उभा. सहा वर्षांत त्याचं तोंड कुणी धड पाहिलं नव्हतं. पण त्या दोन-तीन तासांच्या जोरावरच तो अख्खा आठवडा काढायचा, हे खरं.

आणि महिन्यापूर्वी नानासो म्हणाले, "गंगाधरपंत, लोक इचारत्यात, त्यो मागं खांबावानी हुभा हाय त्यो कोण? पुढं या, जरा हलून वाजवा. न्हाईतर साताऱ्यानंतर तुमची सुट्टी! राग मानू नका."

झालं! रात्रीची झोप उडाली. लांब वायर लावून पाहिली, तर गाणाऱ्या बाईच तीत अडकून तबल्यावर पडल्या. मुंबईच्या एका दुकानात विलायती बिनवायरीचं यंत्र होतं, पण किंमत ऐकून गंगाधरनं दुकानदाराकडं प्यायला पाणी मागितलं. परवडेल असा मार्ग एकच उरला. मेढ्याचा कोंडीबा! मिलिटरीतून पेन्शनीत आलेला, आता रेडिओ दुरुस्त करायचा.

"आवं, बावीस वर्सं वायरलेसच केलं की आमी!" कोंडीबा म्हणाला. "गिटारला ह्यो डबा बांधायचा. डबा आवाज हवेत सोडतोय, स्टेजवरचा रेडिओ त्यो धरतोय, आन् रेडिओ जोडायचा स्पीकरला. काय अवघड हाय?"

गंगाधरला लगेच पटलं. स्वस्त गोष्ट पटायला वेळ लागत नाही!

शनिवारी दुपारी साताऱ्याच्या थिएटरात चाचणी सुरू झाली. आवाज कमी पडू नये म्हणून कोंडीबानं डब्यातून एक तार काढून थेट पत्र्याच्या छपराला बांधली.

"अहो, ही वायरच झाली की!"

"चाचणीपुरती वो! कार्यक्रमाला काढू."

पण स्टेजवरचा रेडिओ ढिम्म! कोंडीबानं मागची फळी काढली आणि आत मुंडकं घातलं. आतून म्हणाला, "तुमी वाजवत ऱ्हावा, थांबू नका! कुठं अडलंय बगतो."

गंगाधर वाजवत राहिला. समोर रिकाम्या खुर्च्या, बाहेर आभाळ भरलेलं. आज जमलं नाही तर संपलंच सगळं, मग राहिल्या फक्त फायली. या विचारानं त्याची बोटं आपोआप संथ पडली. तासभर तो असं वाजवत होता, की जन्मात कधी वाजवलं नव्हतं. आणि ऐकायला कुणी नाही!

निदान त्याला तसं वाटत होतं. बाहेर काय चाललं होतं ते मी सांगतो. शनिवारची दुपार, गावभर रेडिओवर सिनेमाची गाणी. डब्याचा आवाज नेमका त्याच स्टेशनवर जाऊन बसला आणि गाणी गिळून टाकली! घराघरांत, हॉटेलांत, सलूनांत एकच धूंऽऽ... धूंऽऽ. ना निवेदन, ना बातम्या. आणि गाणी बंद होऊन रेडिओवर असलं संगीत लागलं, की आपल्याकडं त्याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. दिल्लीत कुणीतरी मोठं गेलं! सलूनवाल्यानं अर्ध्या दाढीवर गिऱ्हाईक बाहेर काढलं. दुकानांना कुलपं लागली. एक वरात बँड थांबवून मुकाट्यानं पुढं गेली.

थिएटरचे मॅनेजर विष्णुपंत डोळे पुसत आत आले. "आजचा कार्यक्रम रद्द."

"का हो?"

"अहो, गेले!"

"अरेरे! कोण?"

"नाव अजून सांगितलेलं नाही. इतके मोठे आहेत!"

गंगाधरनं चपला काढल्या आणि हात जोडले. तेवढ्यात कानाला ट्रान्झिस्टर लावून नानासो आले. गालांवरून पाणी वाहत होतं. "थांबलं बगा. बिचाऱ्याचं हात भरून आलं आसतील."

गंगाधरचं बोट चुकून तारेला लागलं. ट्रान्झिस्टर म्हणाला, धूंऽऽ!

कोंडीबाचं मुंडकं रेडिओतून बाहेर आलं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. कोंडीबानं पेचकस खिशात घातला आणि मागच्या दारानं निघून गेला. माघार कधी घ्यायची, ते मिलिटरीच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

गंगाधरनं सगळ्या तारा मुठीत गच्च धरल्या. सांगून टाकावं का, मीच तो म्हणून? त्यानं तोंड उघडलं.

"ऐकलंत?" नानासोच बोलले. "ह्याला म्हंत्यात वाजवणं! मला माझी मेलेली आई आठवली. सहा वर्सं तुमी माझ्याकडं हाय, आसं एकदा तरी वाजवलंत का?"

"नानासो, ते..."

"ऱ्हावू द्या. ठरलं माझं. तुमच्या जागी ह्योच मानूस आनायचा. दिल्लीचा आसू दे न्हाईतर मद्रासचा! जाता जाता येवढं एक काम करा माझं. ह्याचा पत्ता काढा."

पत्ता गंगाधरला तोंडपाठ होता. पण दारात बंदोबस्ताला आलेले फौजदार उभे होते, टोपी काढून, मान खाली घालून.

"बघतो," गंगाधर म्हणाला.