सासूबाईंची चामखीळ

काचवाल्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं. चपला सरकवून जाऊन यायचं म्हटलं, तर तेवढ्यात कपातला चहाही निवला नसता. पण अर्धेराव म्हणाले, "काचवाल्याकडे कशाला? घरात कारागीर असताना!"

तिथंच सगळं बिनसलं.

अर्धेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते बायकोनं ठेवलेलं, आणि मग साऱ्या नात्यात रूढ झालेलं. दिवसभर कचेरीत दाखल्यांवर शिक्के मारायचे आणि घरी आलं की मागच्या गॅलरीत करवत सुरू करायची, हा त्यांचा छंद. ही करवत म्हणजे शिवणयंत्राची धाकटी बहीण. केसासारखं बारीक पातं वरखाली होत राहतं आणि आपण लाकूड फिरवायचं. नक्षी हवी तशी निघते. (म्हणजे निघायला हवी.) गॅलरीत दोन पायांवर अडलेला हत्ती होता, आकड्यांविना घड्याळ होतं, एकही हूक नसलेला किल्ल्यांचा फलक होता. बायकोनं विचारलं, की अर्धेराव म्हणत, "काम चालू आहे." त्या हत्तीचं काम चालू असतानाच त्यांचे निम्मे केस पांढरे झाले होते.

तर झालं असं, की झटकताना सासूबाईंच्या फोटोची काच तडकली. शेवटची वर्षं लेकीकडेच राहिलेल्या सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्यांचा तेवढा एकच फोटो होता. कॅमेरा दिसला की त्या स्वयंपाकघरात निघून जात. हा एक कसा कोण जाणे निसटला होता. येत्या रविवारी बायकोची थोरली बहीण येणार होती. फोटो स्टुडिओत नेऊन त्याची प्रत काढून घ्यायची, असं दोघींचं ठरलं होतं.

"नीट काढा हं," बायकोनं फ्रेम हातात देताना बजावलं. "आईचा दुसरा फोटो नाही."

"मला का माहीत नाही?" अर्धेराव म्हणाले.

त्यांनी खरोखरच नीट काढला. फोटो पातळ प्लायवर कायमचा चिकटून बसला होता आणि मागून खाकी कागद लावलेला होता. चेहऱ्यावर काही पडू नये म्हणून त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला. मग काचेचं माप घेता घेता त्यांना वाटलं, फ्रेम फारच साधी आहे. आईंना शोभेल अशी चारी बाजूंनी वेल लावावी. वेली चार, त्याही हुबेहूब सारख्या. त्यासाठी चार पातळ फळ्या एकावर एक रचायच्या, कडांना चिकटपट्टी गुंडाळायची आणि एकदाच कापायचं, अशी युक्ती असते. हाताशी तीन फळ्या होत्या. चौथी शोधायला मान वळवली, तर ती अगदी समोरच होती. पातळ, सपाट, पालथी, खाकी कागदाची.

त्या दिवशी करवत लोण्यातून जावी तशी गेली. पातं तुटलं नाही, हात थरथरला नाही. आतून बायको ओरडली, "अहो, आज आवाज सलग येतोय! बरं आहे ना?"

"पूर्ण होतंय!" अर्धेराव आनंदानं ओरडले.

चिकटपट्टी सोडवून त्यांनी वेली सुट्या केल्या. पहिली सुरेख. दुसरी सुरेख. तिसरी तर दृष्ट लागावी अशी. चौथी त्यांनी उलटी केली आणि पानांमधून एक डोळा त्यांच्याकडे बघू लागला. ओळखीचा डोळा होता. मुलगी द्यायच्या आधी त्याच डोळ्यानं त्यांना नखशिखांत न्याहाळलं होतं.

 अर्धेरावांनी कापलेला एकेक तुकडा गोळा केला आणि नव्या फळीवर डिंकानं जुळवला. कान सापडला, पदर सापडला, कपाळही जागेवर आलं. पण करवत आपल्या जाडीइतकं लाकूड खातेच. तुकडे जवळ सरकवताना सासूबाईंचे ओठ जास्तच मिटले. आणि हनुवटीशी जिथं वेलीनं वळण घेतलं होतं, तिथली चामखीळ पार नाहीशी झाली. टपोरी, काळी, त्यांच्या चेहऱ्याची ओळखच असलेली चामखीळ.

बायको गॅलरीत आली तेव्हा अर्धेराव उकिडवे बसून भुसा चाळत होते.

"अगंबाई, माझी पिठाची चाळणी! काय करताय हे?"

"शोधतोय."

"काय? पातं तुटलं?"

"नाही."

"मग स्क्रू पडला का?"

"नाही गं."

"अहो, मग शोधताय तरी काय?"

"आईंची चामखीळ."

बायको हसली. नवरा थट्टा करतोय असंच तिला वाटलं. मग तिची नजर टेबलाकडे गेली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं अर्धेरावांना पुढं कितीतरी वेळा वाटलं. ती नुसतीच फोटोवरून बोट फिरवत राहिली, एका भेगेवरून दुसऱ्या भेगेवर.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुम्ही एखादं काम पूर्ण केलंत," ती अखेर म्हणाली. "आणि ते माझ्या आईचं."

चाळणी उचलून ती आत गेली. नंतरचे दिवस घरात फक्त "जेवायला वाढलंय" आणि "दार लावून घ्या" एवढंच बोलणं झालं. अर्धेरावांनी करवतीवर चादर टाकली.

"ताईंना मी फोन करू का?" त्यांनी एकदा विचारलं.

"मी केला."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. ठेवून दिला."

रविवारी ताई आली. चपला काढल्या न काढल्या तोच फोटोपुढे जाऊन उभी राहिली. अर्धेराव दाराच्या चौकटीला टेकून होते, बोलावलं तर आत यायचं, हाकललं तर बाहेर जायचं अशा बेतानं.

"भेगा स्टुडिओवाला बुजवील म्हणतो," ताई म्हणाली. "चामखीळ कुठं होती तेवढी खूण करून आणा म्हणाला."

"उजवीकडे," बायको म्हणाली.

"छे गं! डावीकडे."

"ताई, मी रोज तिची वेणी घालायचे. आरशात समोर दिसायची मला."

"आरशात! म्हणजे उलटीच की! मी तिच्या कुशीत झोपायचे."

"मग कुठल्या कुशीत ते सांग."

ताईनं आधी एका कुशीवर हात नेला, मग दुसऱ्या. नक्की कुणालाच सांगता येईना. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "वर्षही झालं नाही गं," ती हळूच म्हणाली.

"त्यांच्या डाव्या बाजूला," दारातून आवाज आला. "म्हणजे आपण समोर बसलो तर उजवीकडे. ओठाच्या टोकाखाली, बोटभर अंतरावर."

दोघी वळल्या. "तुम्हाला कसं माहीत, भाऊजी?"

"त्या माझ्या समोर जेवायला बसायच्या. मला काही सुनावायचं असलं की आधी ती चामखीळ वर चढायची, मग शब्द यायचे. त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी कधी छाती झाली नाही, ताई. मी आपला तिच्याकडेच बघत बसायचो."

"चढायची गं!" ताई एकदम म्हणाली. "'जावईबापू' म्हणायच्या आधी!"

"आणि 'हत्तीचं काय झालं' विचारायच्या आधी!"

दोघी हसायला लागल्या आणि हसता हसताच पदरानं डोळे पुसायला लागल्या. बायकोनं ड्रॉवरमधून बारीक टोकाचं काळं पेन काढलं. किती दिवसांनी ती आपल्या जवळ येतेय, असं मनात म्हणत अर्धेरावांनी गंभीरपणे हात पुढे केला.

बायकोनं पेन ताईच्या हातात दिलं.

"तू काढ गं," ती म्हणाली. "आणि अहो, तुम्ही जागा दाखवा. बोटानं. तिथूनच."