घाई मोजणारे सर

आमच्या शेजारचे सर दिवसभर पातेली उन्हाबरोबर सरकवत बसतात. अंगणात स्टीलचं पातेलं, पितळेची घागर, मातीचा माठ, सगळ्यांत तेच नळाचं पाणी. मी कपडे वाळत घालायला गेले की हाक येते, "ताई, सावली! तुमची सावली काढा पाण्यावरून!" मी ओलं धुणं घेऊन तशीच मागं सरते.

उमापुरात त्यांना क्लोरीनसर म्हणतात. गेवराईला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. आता काचेच्या नळीत पाणी घेतात, त्यात औषधाचे थेंब टाकतात. पाणी पिवळं झालं की समजायचं, क्लोरीन अजून आहे. थोड्या वेळानं परत नळी, परत थेंब. कुठल्या भांड्यातून ते लवकर जातं, उन्हात की सावलीत, झाकलेल्यातून की उघड्यातून, हे बघायचं.

"घाई करायची न्हाई, ताई. घाई मोजायची," असं ते सारखं म्हणतात.

माझ्या सासूबाईंनी एकदा विचारलं, "पाणीच हाय ते. पळून चाललंय का?"

"पाणी न्हाई मावशी, पाण्यातलं पळतंय."

आमच्या मालकांनी चेष्टा केली, "सर, आमची म्हैस लई वेगानं आटायलीय. तेबी मोजा."

सरांनी गंभीरपणे विचारलं, "उन्हात बांधता का सावलीत?"

हे सगळं काकूंसाठी होतं. सरांच्या बायकोला अलीकडं काही आठवत नाही. नळाचं पाणी दिलं की ग्लास ढकलायच्या. "ह्यात औषध हाय." उकळलेलं थुंकलं, जारचंही थुंकलं. ओठ सुकून गेले होते. पाणी पोटात गेलं नाही तर सलाईन लावावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. क्लोरीनची पावडर न टाकलेलं पाणी द्यायची सरांची छाती होईना, मागच्याच पावसाळ्यात गल्लीत जुलाबाची साथ येऊन गेली होती.

एका दुपारी पसरट पातेल्यातलं पाणी नळीत पिवळं झालंच नाही. सरांनी हात साबणानं धुतले, मग राखेनं घासले. कसलाच वास नको म्हणून. मी भाकरी द्यायला गेले होते, दारातच थांबले.

काकूंनी ग्लास रिकामा केला. मग सरांकडं बघून पदर सावरला. "तुमी कोण? आमचे सर अजून आले न्हाईत का?"

सर बाहेर आले, पावडरच्या पाण्यात बोटं बुडवली आणि परत आत गेले. काकूंनी तो हात नाकाशी नेला.

"आलात का! कॉलेजातनं आलं की आधी हात धुवावेत, किती बारी सांगायचं?"

"धुतो," सर म्हणाले. पण हात सोडवून घेतला नाही.

आता सर पातेल्यांबरोबर आणखी एक मोजतात, हातावरचा वास किती वेळ टिकतो ते. स्वतःच्या नाकाला सवय झालीय म्हणून भिंतीवरून मला तळहात दाखवतात. "ताई, येतोय का अजून?"

परपुरुषाच्या हाताचा वास मी कशी घेणार? मी दोरीपाशीच उभी असते, तोंड कपड्यांत लपवून.

"येतोय," म्हणते.

मग सर घाईघाईनं आत जातात.