कपांवरून हजेरी

आनंद ही मोठी बेशिस्त चीज आहे. मोकळा सोडला तर तो कुठेही होतो: बसस्टॉपवर, सोमवारी, काही कारण नसतानाही. म्हणून आम्ही जर्मनांनी त्याला डिसेंबरातले चार आठवडे नेमून दिले, आणि टाउनहॉलसमोरच्या चौकात लाकडी टपऱ्यांच्या रांगेत उभं केलं. याला ख्रिसमस बाजार म्हणतात. प्रत्येक कुटुंबानं एका संध्याकाळी तिथे जाऊन सुखी होऊन यायचं असतं. (पाऊस असला तरी. पावसाची सबब आमच्या घरात एकदाच मांडली गेली आणि एकमतानं फेटाळली गेली.)

आमच्या घरचं सुख माझा मेहुणा डेटलेफ आखतो. तो भूमापन कचेरीत आहे. माणूस हिरा आहे. नोव्हेंबर लागला की त्याचं पत्रक येतंच. साडेचारला कारंज्यापाशी जमणे, चार पन्नासला गरम वाइन, पाच वीसला सॉसेज, पाच पंचेचाळीसला भाजलेले बदाम व मोकळ्या गप्पा (पाच मिनिटे), मग फोटो. सहाला मनोऱ्यावरचं वादन. सहा दहाला समाधान व प्रस्थान.

यंदा पत्रकात दुरुस्ती झाली ती माझ्या सासूबाईंमुळे. मनोऱ्यावरून पितळी वाद्यं वाजवतात त्यांत माझे सासरे ओटोमार सव्वीस वर्षं ट्रॉम्बोन वाजवायचे. मार्चमध्ये ते गेले. त्यांच्या जागी दुसरा कुणी वाजवणार, तो हा पहिलाच डिसेंबर.

"मला वाइन नको, बदाम नकोत," सासूबाई म्हणाल्या. "सहाला मनोऱ्याखाली उभं राहायचं. सगळ्यांनी. गप्प."

"आई, आहे की पत्रकात," डेटलेफ म्हणाला. "कलम सहा."

"गप्प, असं लिहिलंयस?"

"ते गृहीत आहे गं."

"गृहीत नको धरूस, मेल्या. लिही."

त्यानं लिहिलं. 'मनोऱ्याखाली उभे राहणे (गप्प).' लेकानं आईसाठी याहून काय करावं?

तर आम्ही पाचजण जमलो: सासूबाई, डेटलेफ, माझी बायको गेझीने, चौदा वर्षांची मुलगी योरिंडं आणि मी. कुणालाही उशीर झाला नाही, पण कपांपाशी चौदा मिनिटं गेली. इथे वाइन दरवर्षी नव्या नक्षीच्या कपात मिळते आणि तो कप घरी नेता येतो. (आमच्या कपाटात असे त्रेचाळीस आहेत. त्यांतून आजवर कुणी काही प्यायलेलं नाही.) यंदाचा कप बुटाच्या आकाराचा होता, लाल किंवा हिरवा. गेझीनेचं म्हणणं, सगळ्यांचे एकाच रंगाचे हवेत. डेटलेफचं म्हणणं, मग कुणाचा कुठला ते कसं कळणार? शेवटी पाच लाल घेतले आणि दांड्यांना वेगवेगळे धागे बांधले.

कपांना एवढं महत्त्व का, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं आहे, की डेटलेफ हजेरी कपांवरून घेतो. गर्दीत माणसं मोजणं अशास्त्रीय. माणसं हलतात, सगळ्यांचे कोट काळे असतात. कप हलत नाही. उंच टेबलावर जितके कप तितकी माणसं. नऊ वर्षांत या पद्धतीत एकही चूक सापडलेली नाही. (कुणी शोधलेली नाही.)

सॉसेजच्या रांगेनं मात्र घात केला. पुढच्या गृहस्थांना मोहरीची चटणी पावाच्या डाव्या बाजूलाच हवी होती, आणि टपरीवाल्या बाईला डावं कुठलं यावर वाद घालायचा होता.

"डेटलेफ, पावणेसहा होत आले रे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आपण फक्त अकरा मिनिटं मागे आहोत. मोकळ्या गप्पा रद्द करू, की भरून निघेल."

गप्पा रद्द झाल्या. सॉसेज हातात घेऊन टेबलाशी आलो. डेटलेफनं कप मोजले. पाच. तेवढ्यात मागून कुणीतरी "चला रे" म्हणालं. बाजारात असं कुणी ना कुणी म्हणतच असतं.

आता फोटो. आमच्या घरी माणसांचा फोटो बंद होऊन सहा वर्षं झाली. माणसं आली की कुणाचे तरी डोळे मिटलेले असतात, मग वर्षभर कटकट. म्हणून आम्ही कपांचा फोटो काढतो: टेबलावर पाच कप, मागे झाडाचे दिवे. पहिल्या फोटोत धागे दिसले, दुसऱ्यात डेटलेफचं सॉसेज आलं, तिसऱ्यात गेझीनेला लाल रंग फिका वाटला.

"हिरवेच घ्यायला हवे होते," ती म्हणाली.

"सांगत होतो मी!" डेटलेफ म्हणाला.

"तू? तू धाग्यांचं सांगत होतास!"

पुन्हा कुणीतरी "चला" म्हणालं. आम्ही चौथा फोटो काढत होतो. वरून वाद्यं सुरू झाली तेव्हा सातवा चालू होता. "हा शेवटचाच!" गेझीने ओरडली. ओरडावंच लागलं, कारण वाद्यांचा आवाज फार होता.

"मामा," योरिंडं म्हणाली, "आजीचा कप भरलेलाच आहे. गार पडलाय."

"पण आहे ना? पाच आहेत ना?"

"पाच आहेत."

"झालं तर!"

मग वाद्यं थांबली, आणि आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

सासूबाई मनोऱ्याखाली एकट्याच उभ्या होत्या, हातमोजे काढून. डोळे लाल झाले होते. ते थंडीनं, असं डेटलेफचं मत पडलं.

"छान वाजवलं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या गाण्यात ओटोमार दरवर्षी एका जागी चुकायचा. हा पोरगा चुकला नाही." हातमोजे घालत म्हणाल्या, "चुकायला हवा होता."

"आजी, आम्हाला बोलवायचंस की गं!" योरिंडं रडायलाच लागली.

"बोलावलं की. दोनदा."

डेटलेफनं खिशातून पत्रक काढलं, कलम सहावर पेन ठेवलं आणि तसाच उभा राहिला. लिहायला काही सुचलं नाही त्याला. हे मी प्रथमच पाहिलं.

तुम्हाला आमचा राग आला असेल. कसली ही माणसं, आई जाते आणि पत्ता नाही! यावा, जरूर यावा. पण पावणेसहानंतर वाद्यं सुरू होईपर्यंत सासूबाईंचं नावसुद्धा मी घेतलं नव्हतं, आणि तुम्ही निवांत सॉसेज, धागे, लाल की हिरवा यात रमला होतात. त्यांचं ते "चला" तुमच्याही कानांवर घातलं होतं मी. दोन्ही वेळा.