काळजाला न कळलेला संताप

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत, एसटी आगाराच्या साहेबांसमोर उभा असलेला बिराप्पा संतापानं नुसता पेटला होता, आणि त्याचा हात मात्र हलायला तयार नव्हता.

"आठाची गाडी बंद केलीसा तुमी," तो म्हणाला. "परवापास्नं माज्या नातीची बारावीची परीक्षा. पेपर अकराला, दुसरी गाडी बाराला. मयूरीनं काय उडत जायाचं?"

शब्द जहाल होते. पण निघाले कसे, तर पाहुण्याला अजून अर्धी भाकरी वाढू का विचारावं तसे.

"बसा ना," साहेब म्हणाले. "चहा सांगतो."

चहा! बिराप्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा वर्षं फौजेत काढलेला माणूस तो, आणि नंतरची पंचवीस वर्षं गावासाठी कचेऱ्यांशी भांडण्यात गेलेली. त्याचा राग उभ्या तालुक्याच्या ओळखीचा होता. आधी मिशी थरथरायची, मग हात, मग समोरचं टेबल. टेबलाची पाळी यायच्या आत भले भले साहेब सही करून मोकळे व्हायचे. त्या थरथरीवर गावाला खांबावरचे दिवे मिळाले, शाळेला तिसरा मास्तर मिळाला. आणि आज, ऐन नातीच्या वेळी, थरथर गायब!

हा सगळा त्या इस्लामपूरच्या डॉक्टरचा उद्योग. महिन्यापूर्वी छातीत धडधडतं म्हणून बायकोनं, बनाबाईनं, त्याला ओढतच नेलं होतं. डॉक्टरनं गोळी लिहून दिली आणि वर समजावून सांगितलं, "आजोबा, राग आला की किडनीवरच्या ग्रंथी रक्तात एक रस सोडतात. तो काळजाला जाऊन सांगतो, पळ! हातांना सांगतो, थरथरा! ही गोळी त्याच्या आधी जाऊन दारात बसते. रस येतो, कडी वाजवतो, पण दार उघडायला कुणी नाही."

"म्हंजे राग येनार न्हाई?"

"राग येणार. फक्त काळजाला कळणार नाही."

काय हा न्याय! राग माणसाचा, आणि त्याच्याच काळजाला पत्ता नाही! आणि चुकवायची सोय नव्हती. बनाबाई रोज सकाळी गोळी त्याच्या हातावर ठेवायची आणि ती गिळली का ते बघूनच उठायची.

"मी लय चिडलोय," बिराप्पानं आता तोंडानंच सांगून टाकलं.

"मीसुद्धा," साहेब म्हणाले. "सकाळपासून तुम्ही सातवे. गाडीत बसायला चार माणसं, भांडायला चाळीस. तुमच्या गावाचा मला वीट आलाय."

"तुमी बिनकाळजाचं हायसा."

"तुम्ही हेकट आहात."

"ह्या खुर्चीत दगड ठिवला तर बरा कारभार करंल."

"मग अर्ज दगडाकडे द्या. साखर किती?"

"दोन चमचं."

चहा आला. घोटाघोटाला दोघं एकमेकांची लायकी काढत राहिले, आणि बशीत एक थेंबही सांडला नाही.

काचेपलीकडच्या खिडकीत बसलेला कंट्रोलर सिद्धू मघापासून हे बघत होता. शब्द ऐकू येत नव्हते, पण ऐकायची गरजच काय? बिराप्पाची मिशी स्थिर, हात स्थिर. आणि मुख्य म्हणजे तो चहा पीत होता! काम झाल्याशिवाय हा माणूस कचेरीत पाण्याचा घोटही घेत नाही, हे आगारातल्या पोरासोरांनासुद्धा ठाऊक होतं. सिद्धूनं सुटकेचा श्वास सोडला, फळ्यावरचं 'रद्द' बाहीनं पुसलं आणि माईक ओढला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. उद्यापासून सकाळी आठची गाडी नेहमीप्रमाणं सुटेल!"

बिराप्पाबरोबर येऊन बाहेर थांबलेल्या अख्ख्या गावानं टाळ्यांचा कडकडाट केला. त्या घोळक्यातून मयूरी काचेजवळ आली आणि आजोबाकडे बघून हसली.

साहेबांनी कप खाली ठेवला. "मी परवानगी दिलेली नाही," ते त्याच संथ आवाजात म्हणाले. "मला आत्ता भयंकर संताप आलाय."

"दिसत न्हाई."

"दिसेल कसा?" साहेबांनी खण उघडून गोळ्यांचं पाकीट टेबलावर टाकलं.

बिराप्पानं ते लांबूनच ओळखलं. "इस्लामपूर?"

"इस्लामपूर."

क्षणभर दोघांनाही एकमेकांची कणव आली. साहेबांची मात्र लगेच आटली. "दुपारच्या गोळीची वेळ झालीय," ते म्हणाले. "पण आज घेणारच नाही. सकाळच्या गोळीचा असर उतरला, की आधी त्या सिद्धूला फैलावर घेतो, आणि मग ती गाडी पुन्हा बंद करतो."

बिराप्पानं काचेकडे पाहिलं. मयूरी तिथंच उभी होती. त्यानं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, पाकिटातली एक गोळी काढून साहेबांच्या तळहातावर ठेवली, आणि उभ्या जन्मात कुठल्या साहेबाशी बोलला नसेल इतक्या मायेनं म्हणाला,

"घ्या साहेब, घ्या. आवं, तब्येतीपरीस गाडी मोटी हाय व्हय?"